मुलांना घेऊन बडोद्याला येताय? आधी शाळा, मग घर

पुणे, नाशिक, जळगावहून बदली होऊन बडोद्याला येणारी कुटुंबं बहुतेक वेळा एकाच क्रमाने चालतात. ऑफिसातल्या कुणी सुचवलं म्हणून गोत्रीला नाहीतर वासणा-भायलीकडे फ्लॅट बघतात, टोकन देतात आणि मग मे महिन्याच्या उन्हात शाळांचे उंबरे झिजवतात. तोवर चांगल्या शाळांमधल्या जागा गेलेल्या असतात. जी शाळा मिळते ती शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि सहा-सात वर्षांचं पोर रोज पाऊण तास व्हॅनमध्ये पेंगत बसतं. हा क्रम उलटा करायला हवा. आधी मुलाची इयत्ता आणि माध्यम ठरवा, मग शाळा, आणि त्या शाळेच्या आसपास घर.

पहिलं काम: मूल इथे कुठल्या इयत्तेत बसेल ते पाहा

हे पहिलं काम म्हणतोय, कारण वयाचा नियम दोन्ही राज्यांत वेगळा आहे आणि महाराष्ट्रातून येणारे पालक नेमके इथेच अडकतात. महाराष्ट्रात पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. गुजरातमध्ये 2023-24 पासून 1 जूनला 6 वर्षं पूर्ण झालेली असणं सक्तीचं आहे. केंद्रीय विद्यालयात तीच तारीख 31 मार्च. म्हणजे सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल नाशिकला यंदा पहिलीत जाईल, पण बडोद्यात बालवाटिकेत. बालवाटिका हे पहिलीच्या आधीचं वर्ष आहे आणि ते सरकारी शाळांतही असतं. याला वर्ष वाया गेलं असं मी मानत नाही. नवं गाव, नवी भाषा आणि कोवळं वय असताना एक सैल वर्ष मुलाच्या अंगी लागतं. पण हे घर बदलण्याआधी माहीत असलेलं बरं. मूल आधीच पहिली-दुसरीत शिकत असेल तर नव्या शाळेच्या प्रिन्सिपलना जन्मतारीख आणि चालू इयत्ता दोन्ही सांगून फोनवरच विचारून घ्या.

वरच्या इयत्तांची गोष्ट वेगळी. नववीतून दहावीत जाताना बदली टाळता आली तर टाळाच. बोर्डाची नोंदणी नववीत सुरू होते आणि सीबीएसईत दहावी-बारावीला थेट प्रवेश पालकांची बदली यासारख्या ठोस कारणावरच, कागदपत्रांसह मिळतो. काही घरांत अशा वेळी एक पालक मुलासोबत वर्षभर मागे राहतो. अवघड असतं, पण दहावीच्या मुलासाठी ते बरेचदा योग्य ठरतं.

आता माध्यम. बडोद्यात नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमही आहे आणि गुजरात बोर्डाची दहावीची परीक्षा मराठीतून देता येते. पण मराठी शाळांमधली पटसंख्या पूर्वीसारखी राहिलेली नाही. म्हणून मराठी माध्यमाचा विचार करत असाल तर प्रत्येक वर्गात किती मुलं आहेत आणि आठवीनंतर ती कुठे जातात, हे दोन प्रश्न आधी विचारा. महापालिकेची प्राथमिक शाळा आठवीपर्यंतच असते. नववीला मराठी माध्यमाची शाळा तुमच्या भागात नसेल तर मुलाला ऐन माध्यमिकात भाषा बदलावी लागेल.

इंग्रजी माध्यम घेतलं तरी गुजराती चुकत नाही. 2023 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय अनिवार्य झाला आहे. सीबीएसई असो वा आयसीएसई. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाला पालकांच्या लेखी विनंतीवरून सूट मिळण्याची तरतूद त्यात आहे. माझं मत विचाराल तर ती सूट घेऊ नका. मराठी मुलाला गुजराती फार जड जात नाही. मराठीसारखीच तिच्यात तीन लिंगं आहेत, 'ळ' आहे, आणि लिपी म्हणजे डोक्यावरची रेघ काढलेली देवनागरीच बरीचशी. क, च, ज, झ, फ, अ, इ अशी काही अक्षरं तेवढी वेगळी दिसतात. ती एका सुट्टीत बसतात. सूट घेतलेलं मूल मात्र मधल्या सुट्टीतल्या गप्पांतून, शेजारच्या मुलांच्या खेळातून आणि दुकानाच्या पाटीवरूनही बाहेर पडतं.

पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुजरात बोर्डाने गणित आणि विज्ञानाला एनसीईआरटीची पुस्तकं घेतलेली आहेत. त्यामुळे पुढे सीबीएसईत जावं लागलं तर या दोन विषयांत फारसा खड्डा पडत नाही.

दुसरं: शहराचा नकाशा नदीच्या अंगाने वाचा

बडोदं समजून घ्यायचं तर विश्वामित्रीपासून सुरुवात करावी लागते. ही नदी शहराच्या मधून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गही शहर चिरत जातो. जुनं शहर, कारेलीबाग, वाघोडिया रोड, आजवा रोड पूर्वेला. अलकापुरी, गोत्री, वासणा, भायली पश्चिमेला. या दोन बाजूंना जोडणारे पूल आणि गरनाळी, म्हणजे रुळांखालून जाणारे रस्ते, मोजकी आहेत. सकाळी सातला आणि दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे शाळांच्या पाळ्या बदलतात तेव्हा, तिथे गर्दी तुंबते. पावसाळ्यात अलकापुरीचं गरनाळं पाण्याखाली गेलं की पलीकडच्या मुलांचा रस्ताच बंद.

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच आहे: घर आणि शाळा नदीच्या आणि रुळांच्या एकाच बाजूला ठेवा. ऑफिसला जाताना मोठ्या माणसाने पूल ओलांडावा. मुलाने ओलांडू नये.

हे उगाच सांगत नाही. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट 2024 मध्ये काळाघोडा पुलाजवळ विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 26 फूट आहे. कित्येक सोसायट्यांत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, शाळा बंद होत्या, आणि पाणी उतरल्यावर नदीतल्या मगरी रस्त्यांवर, अंगणांत सापडत होत्या. विश्वामित्रीत मगरी आहेत ही इथल्या माणसाला नवलाची गोष्ट नाही, पण सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या मुलाच्या आईबापांना ती माहीत असायलाच हवी.

म्हणून नदीकाठच्या भागात, म्हणजे समा, कारेलीबाग, हरणी, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर इथे घर बघताना दलालावर विसंबू नका. हे सगळे भाग वाईट आहेत असं अजिबात नाही. कारेलीबाग तर शाळांच्या दृष्टीने उत्तम. पण एकाच रस्त्यावरची एक सोसायटी कोरडी राहते आणि पुढची बुडते. खालच्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला, वॉचमनला सरळ विचारा: '2024मां अहीं पाणी भरायुं हतुं?' किती भरलं हे तो हाताने भिंतीवर दाखवेल. पार्किंगच्या भिंतीवरच्या डागाची रेघही पाहा. शक्य असेल तर जुलैत येऊन बघा. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात.

भागांविषयी थोडकं सांगतो. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा, वाडी हा मराठी माणसाला सगळ्यात लवकर आपलासा वाटणारा पट्टा. गणपतीत तर इथे आपण महाराष्ट्राबाहेर आहोत हे विसरायला होतं. जुन्या अनुदानित शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, खंडेराव मार्केटची भाजी जवळ, मांडवीजवळ महाराज सयाजीरावांनी उभारलेलं मध्यवर्ती ग्रंथालय. मुलांना वाचनाची गोडी लावायची असेल तर त्या ग्रंथालयाचं सभासदत्व लगेच घ्या. अडचण गर्दीची, गाडी लावायच्या जागेची आणि जुन्या वाड्यांतल्या अंधाऱ्या जिन्यांची.

मांजलपूर, मकरपुरा, तरसाळी हे दक्षिणेकडचे भाग जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आणि ओएनजीसीत काम करणाऱ्यांना सोयीचे. मध्यमवर्गी, टेनामेंटची, म्हणजे जोडून बांधलेली बैठी घरं, मोकळे रस्ते. वाघोडिया आणि आजवा रोडला भाडी तुलनेने कमी. पश्चिमेकडचं भायली झपाट्याने वाढतंय. फ्लॅट नवे, सीबीएसईच्या खासगी शाळा भरपूर, पण चालत जाण्याजोगी सरकारी शाळा प्रत्येक सोसायटीजवळ असेलच असं नाही. गोरवा, छाणी, बाजवा, नंदेसरी हे भाग रिफायनरी, खत कारखाना आणि रासायनिक उद्योगांजवळ आहेत. मुलाला दमा किंवा वारंवार खोकल्याचा त्रास असेल तर तिथे घर घेण्याआधी दोन-तीन वेळा रात्री आणि पहाटे जाऊन हवा कशी आहे ते स्वतः पाहा.

तिसरं: सरकारी शाळा पाहिल्याशिवाय नाही म्हणू नका

नवे आलेले पालक सरकारी शाळेचा दरवाजा उघडूनही बघत नाहीत, हे मला खटकतं. हे गाव सयाजीरावांचं. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केला. देशभराचा शिक्षणहक्क कायदा त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 2009 मध्ये आला. ज्या गावात ही गोष्ट इतकी आधी सुरू झाली, तिथल्या सार्वजनिक शाळेला निदान एकदा भेट देण्याइतका मान तर द्यावा.

इथे शाळांचे तीन प्रकार लोकांच्या बोलण्यात येतात. महापालिकेची शाळा: फी नाही, आठवीपर्यंत पुस्तकं आणि मध्यान्ह भोजन मोफत. ग्रान्टेड, म्हणजे अनुदानित शाळा: शिक्षकांचा पगार सरकार देतं, फी नाममात्र, शहरातल्या कितीतरी जुन्या, नावाजलेल्या शाळा यात मोडतात. आणि स्वनिर्भर, म्हणजे स्वतःच्या फीवर चालणारी खासगी शाळा. शिवाय केंद्रीय विद्यालयं आहेत, हरणी रोड, ईएमई, मकरपुरा अशा ठिकाणी. तिथे बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम असतो आणि दुसरीपासून पुढे जागा रिकामी असेल तरच प्रवेश मिळतो. तुम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर सगळ्यात आधी तिकडेच अर्ज करा.

कुठलीही शाळा निवडण्याआधी घरबसल्या एक काम होतं. युडायस, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या भागात शाळेचं नाव किंवा युडायस क्रमांक टाकला की विद्यार्थी किती, शिक्षक किती, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय ही माहिती मिळते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. हे प्रमाण काढून बघा. मोठी फी घेणाऱ्या काही शाळा या साध्या भागाकारात मागे पडतात आणि एखादी महापालिकेची शाळा पुढे जाते.

मग प्रत्यक्ष जा, आणि शाळा भरलेली असताना जा. शनिवारी दुपारी रिकामी इमारत पाहून काही कळत नाही. फाटकावर 'आचार्यने मळवुं छे', म्हणजे मुख्याध्यापकांना भेटायचंय, एवढं म्हटलं की पुरे. आत गेल्यावर मी या गोष्टी विचारतो आणि तुम्हीही विचाराव्यात असं वाटतं. कायमचे शिक्षक किती आणि ज्ञान सहायक, म्हणजे कंत्राटी शिक्षक किती? कंत्राटी शिक्षक वाईट शिकवतात असं नव्हे, पण वर्षाच्या मध्येच शिक्षक बदलले की लहान मुलं बिथरतात. सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक वेगळा आहे का? बाहेरून आलेल्या मुलाला गुजराती शिकवायला कोण वेळ देतं? शेवटच्या प्रश्नाला 'ए तो शीखी जशे' एवढंच उत्तर मिळालं तर सावध व्हा. कुठल्या बेन (म्हणजे बाई), कुठल्या वेळी, किती दिवस हे ज्या शाळेत सांगतात ती शाळा चांगली.

चौथीतल्या एखाद्या मुलाची वही बघायला मागा. वहीत बाईंची खूण नुसती सही आहे की चूक दुरुस्त करून दिलेली आहे, हे पाहिलं की त्या वर्गात काय चालतं याचा अंदाज येतो. मुलींची स्वच्छतागृहं उघडी आहेत का, पाण्याच्या टाकीखाली शेवाळं आहे का, हेही पाहून घ्या.

आणि सहलीबद्दल विचारा. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर बडोद्यातल्या कुठल्याही पालकाने सहलीच्या संमतीपत्रावर न विचारता सही करू नये. कुठे जाणार, वाहन कुठलं, किती मुलांमागे किती मोठी माणसं, पाण्याजवळ जाणार का, हे लेखी मागा. इमारतीची फायर एनओसीही विचारा. शाळेला राग आला तर येऊ द्या.

खासगी शाळेची फी ठरवण्यासाठी गुजरातमध्ये 2017 चा कायदा आहे आणि त्याखालच्या फी नियमन समितीचा एक विभाग बडोद्यातच आहे. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर भरवसा न ठेवता समितीने मंजूर केलेल्या फीचा आदेश दाखवायला सांगा. प्रवेशासाठी देणगी मागणं आणि पहिलीसाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं, दोन्ही शिक्षणहक्क कायद्याने मना आहे.

चौथं: घर आणि रोजचा रस्ता

दोन-तीन शाळा मनात पक्क्या झाल्या की त्यांच्याभोवती घर शोधा. शाळा सकाळच्या पाळीची की दुपारच्या, हे आधी कळलं पाहिजे. बरेच ठिकाणी प्राथमिक एका पाळीत आणि माध्यमिक दुसऱ्या पाळीत भरतं. दोन भावंडं दोन पाळ्यांत गेली तर घरातल्या एका माणसाचा सगळा दिवस ने-आण करण्यातच जातो. नोकरी करणाऱ्या आईसाठी हा प्रश्न फीपेक्षा मोठा ठरतो, आणि बहुतेक घरांत तो शेवटी विचारला जातो.

स्कूल वर्धी, म्हणजे मुलांना नेणारी रिक्षा किंवा व्हॅन, ठरवताना शेजारणींना विचारून ठरवा. गाडी चालवणाऱ्या काकांचा स्वभाव, गाडीत नेमकी किती मुलं, गॅसच्या टाकीवर फळी टाकून मुलं बसवतात का, हे एकदा सकाळी शाळेच्या फाटकावर उभं राहून पाहता येतं. शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर या कशाचीच गरज पडत नाही. तेवढ्यासाठी घर थोडं लहान घ्यावं लागलं तरी घ्या.

भाडेकरार करताना तो नोंदणीकृत करून घ्या. शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या 25 टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर पत्त्याच्या पुराव्यासाठी नुसता नोटरी केलेला करार चालत नाही. घरमालक पैसे वाचवायला नोटरीवर भागवू बघेल. खर्च आपण करायची तयारी दाखवा.

पाचवं: कागद निघण्याआधीच जमवा

हे काम मूळ गावी असतानाच संपवायचं. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला इथे सगळे एलसी म्हणतात, घेतला की तो परराज्यासाठी आहे हे शाळेला सांगा आणि त्यावर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी करून आणा. या एका सहीसाठी लोकांना बडोद्याहून परत जावं लागतं. जुन्या शाळेने युडायस प्लसवर मुलाचं नाव सोडलं आहे ना, याची खात्री करा आणि मुलाचा पेन, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या. तो असला की नवी शाळा नाव पटकन ओढून घेते. जन्मदाखला, आधार, गुणपत्रकं यांच्या प्रती तर हव्यातच. जन्मदाखला, आधार आणि एलसी यांतलं नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते आताच तपासा. महाराष्ट्रातला जातीचा दाखला गुजरात राज्याच्या सवलतींना सहसा लागू पडत नाही, हे आरक्षित प्रवर्गातल्या पालकांनी खर्चाचा हिशेब करताना धरून चालावं.

दाखला यायला उशीर झाला तर घाबरू नका. आठवीपर्यंतच्या मुलाला केवळ दाखला नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. वाद न घालता, शांतपणे, कलमाचं नाव घेऊन सांगा. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होतं.

कधी यायचं

गुजरात बोर्डाच्या शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा किंचित आधी. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. सगळ्यात सोयीचं म्हणजे एप्रिलमध्ये एकट्याने येऊन शाळा बघणं, मेच्या मध्यावर सामान हलवणं आणि उरलेल्या सुट्टीत मुलाला मोहल्ल्यातल्या मुलांत मिसळू देणं. वर्षाच्या मध्येच यावं लागलं तर दिवाळीची सुट्टी गाठा. गुजरातमध्ये ती 21 दिवसांची असते, पहिलं सत्र तिथे संपतं आणि दुसऱ्या सत्रात मूल नव्या वर्गात सुरुवातीपासून बसतं.

पहिले दोन-तीन महिने मूल शाळेतून गप्प घरी येईल. 'आज काय शिकवलं?' विचारलं तर खांदे उडवेल. गुजरातीचं पहिलं पुस्तक बाजारातून आणून रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर तुम्हीही एक पान वाचा, मोठ्याने, चुकत. वर्गातल्या एका मुलाला किंवा मुलीला आईसकट घरी बोलवा. पोहे करा, त्यांच्याकडचं ढोकळ्याचं आमंत्रण नाकारू नका. घरात मराठीच बोला. ती तोडून गुजराती लवकर येते हा समज खोटा आहे. दिवाळीपर्यंत मुलाने शाळेतल्या एकाही मित्राचं नाव घेतलं नाही, तर मात्र वर्गशिक्षिकेला भेटा आणि वर्गात त्याला कुणाच्या शेजारी बसवलं आहे ते विचारा. बहुतेक वेळा बाक बदलून मिळतो.